सीडीचे नाव संगणकाला कसे कळते?

संगीताची सीडी संगणकात घातली की काही क्षणांतच पडद्यावर गायकाचे नाव, संग्रहाचे शीर्षक आणि एकेका गीताची नोंद उमटते. ही माहिती त्या सीडीवरच कोठेतरी लिहिलेली असावी आणि संगणक ती केवळ वाचून दाखवीत असावा, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुस्थिती नेमकी उलट आहे. बहुसंख्य संगीत-सीडींवर गायकाचे नाव नोंदलेले नसते, गाण्याचेही नसते. इंटरनेटची जोडणी नसलेल्या संगणकावर अशी सीडी प्रथमच लावली, तर ती ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’ अशा निनावी क्रमांकांनीच समोर येते. मग जोडणी असताना ही नावे येतात कोठून? याचे उत्तर थोड्या अंकगणितात आणि पुष्कळशा निनावी श्रमांत दडलेले आहे.

‘फिलिप्स’ आणि ‘सोनी’ या दोन कंपन्यांनी १९८० मध्ये संगीत-सीडीचे मानक ठरविले. ‘रेड बुक’ या नावाने ते ओळखले जाते. १९८२ मध्ये सीडी बाजारात आली, तेव्हा ती दिवाणखान्यातील स्टीरिओवर वाजविली जाणार हे गृहीत होते. एक दिवस ती घरोघरच्या संगणकात जाईल, हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हते. वाजविणाऱ्या यंत्राला एवढेच कळणे आवश्यक होते, की कोणता ट्रॅक तबकडीवर कोठे सुरू होतो. नावे वाचण्यासाठी वेष्टनावरचा छापील कागद होताच.

जुन्या ध्वनिमुद्रिकेची सुई बाहेरच्या कडेकडून आत सरकत असे. सीडीचा प्रवास याच्या उलट, आतून बाहेर होतो. सर्वांत आतल्या कड्यात, संगीत सुरू होण्यापूर्वीच, एक अनुक्रमणिका नोंदलेली असते. पहिला व शेवटचा ट्रॅक कोणता, प्रत्येक ट्रॅक किती मिनिटे, किती सेकंद व किती ‘फ्रेम’वर सुरू होतो आणि संगीत कोठे संपते, एवढाच मजकूर तिच्यात असतो. पुस्तकाच्या अनुक्रमणिकेतून प्रकरणांची नावे खोडून केवळ पृष्ठक्रमांक ठेवावेत, तसा हा प्रकार आहे. फ्रेम म्हणजे सेकंदाचा पंचाहत्तरावा भाग. सीडीवर ध्वनीचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात, त्यांपैकी ५८८ नमुने एका फ्रेममध्ये मावतात. पहिला ट्रॅक सहसा दोन सेकंदांवर, म्हणजे १५० व्या फ्रेमवर सुरू होतो.

निव्वळ पृष्ठक्रमांकांवरून पुस्तक ओळखता येईल काय? पुस्तकांच्या बाबतीत ते अवघड असले, तरी सीडीच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी साधते. दहा गाण्यांच्या एखाद्या सीडीतील प्रत्येक गाणे तीन ते सहा मिनिटांचे आहे असे मानू. तीन मिनिटांच्या या पट्ट्यात १३,५०० फ्रेम येतात, म्हणजे एकेका गाण्याची लांबी १३,५०० प्रकारांनी असू शकते. दहा गाण्यांसाठी ही संख्या दहा वेळा मांडून गुणाकार केला, तर उत्तर ४२ अंकी येते. दोन भिन्न संग्रहांतील दहाही गाण्यांच्या लांबी फ्रेमसह जुळण्याची शक्यता त्यामुळे जवळपास शून्यच ठरते. हाताच्या बोटाचा ठसा म्हणजे काही माणसाचे नाव नव्हे. पण एकदा त्या ठशापुढे कोणीतरी नाव लिहून ठेवले, की पुढच्या वेळी ठशावरून नाव सांगता येते. येथेही तेच घडते.

हे नाव लिहून ठेवण्याचे काम सुरू झाले १९९३ च्या सुमारास. टी कान या संगणक-तज्ज्ञाने युनिक्स संगणकांवर सीडी वाजविण्यासाठी ‘एक्सएमसीडी’ नावाचे सॉफ्टवेअर तयार केले आणि त्यासोबत सीडींच्या नावांची एक छोटी सूची जोडून दिली. सूचीत नसलेली सीडी मिळाली, तर वापरणाऱ्याने वेष्टनावरची नावे टंकित करावीत आणि ई-मेलने धाडावीत, अशी पद्धत पडली. पुढे स्टीव्ह शर्फ व इतर सहकाऱ्यांच्या मदतीने ही सूची इंटरनेटवरील सर्व्हरवर आली. ‘सीडी डेटाबेस’ या शब्दांवरून तिचे नाव पडले ‘सीडीडीबी’. नोंदी करणाऱ्यांना मोबदला नव्हता आणि त्यांनी तो मागितलाही नव्हता. एकाने टंकित करावे आणि बाकीच्यांचे श्रम वाचावेत, असा हा साधा व्यवहार होता.

संपूर्ण अनुक्रमणिका दर वेळी ताडून पाहण्याऐवजी सीडीडीबीने तिच्यावरून आठ अंकी क्रमांक काढण्याची युक्ती योजली. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. ख्यालगायनाच्या एका सीडीवर तीन ट्रॅक आहेत: ३८ मिनिटे २७ सेकंदांचा विलंबित ख्याल, २१ मिनिटे ४० सेकंदांचा दुसरा राग आणि ८ मिनिटे ३१ सेकंदांचे भजन. सुरुवातीचे दोन सेकंद धरून हे ट्रॅक अनुक्रमे २, २,३०९ आणि ३,६०९ व्या सेकंदाला सुरू होतात. या संख्यांतील सुटे अंक मिळवायचे. पहिल्याचा २, दुसऱ्याचे २, ३, ० व ९ मिळून १४, तिसऱ्याचे ३, ६, ० व ९ मिळून १८. एकूण बेरीज ३४. संगणकाच्या सोयीच्या, सोळा हा पाया असलेल्या पद्धतीत ३४ ही संख्या ‘२२’ अशी लिहितात. एकूण कालावधी ४,११८ सेकंद, तो त्या पद्धतीत ‘१०१६’ असा होतो. शेवटी ट्रॅकची संख्या, ‘०३’. हे तुकडे सलग मांडले की सीडीचा क्रमांक तयार झाला: २२१०१६०३.

युक्ती सुटसुटीत खरी, पण तिच्यातील कच्चा दुवाही याच उदाहरणात दिसतो. दुसरा ट्रॅक २,३०९ ऐवजी २,३९० व्या सेकंदाला सुरू झाला, तरी अंकांची बेरीज १४ च राहते. म्हणजे पहिला ख्याल ८१ सेकंदांनी लांबला आणि दुसरा तेवढाच आटोपला, तर अगदी निराळ्या सीडीलाही हाच क्रमांक मिळेल. त्यात पुन्हा क्रमांकाच्या पहिल्या दोन स्थानांत २५५ पर्यंतची बेरीज मावण्याची सोय असताना, तीन ट्रॅकच्या सीडीची बेरीज जास्तीत जास्त साठीच्या आसपास थांबते. ट्रॅक जितके थोडे, तितकी ही ओळख दुबळी. पंधरा-वीस गाण्यांच्या पाश्चात्त्य पॉप संगीताच्या सीडीला ही उणीव फारशी जाणवत नाही. आपल्याकडील रागसंगीताच्या सीडीला मात्र ती नेमकी भोवते, कारण तेथे दोन-तीन ट्रॅक ही नेहमीची बाब. संपूर्ण मैफलीतील एकच राग सलग मुद्रित केलेला असेल, तर परिस्थिती आणखी बिकट होते. एकच ट्रॅक, तोही नेहमीच्या दोन सेकंदांवर सुरू होणारा. अशा सीडीच्या क्रमांकाची सुरुवात नेहमी ‘०२’ ने आणि शेवट ‘०१’ नेच होणार. फरक राहतो तो फक्त एकूण सेकंदांचा. ८० मिनिटांत सेकंद ४,८००. म्हणजे जगातील अशा सर्व एक-ट्रॅकी सीडींना मिळून जेमतेम ४,८०० क्रमांक उपलब्ध!

प्रत्यक्षात सर्व्हरकडे केवळ हा क्रमांक जात नाही. प्रत्येक ट्रॅकच्या सुरुवातीची फ्रेमही सोबत जाते आणि ती ताडून सर्वांत जवळची नोंद निवडली जाते. ही जुळणी थोडी सैल ठेवावी लागते, कारण एकच संग्रह दुसऱ्या कारखान्यात किंवा काही वर्षांनी पुन्हा छापला गेला, तर त्याच्या अनुक्रमणिकेत काही फ्रेमचा फरक पडू शकतो. त्यामुळेच कित्येकदा पडद्यावर एकाऐवजी तीन-चार नावे येतात आणि ‘यांपैकी आपली सीडी कोणती?’ असा प्रश्न विचारला जातो.

क्रमांकांच्या या टकरींवर काढलेला तोडगा तर मोठा मासलेवाईक होता. सीडीडीबीमध्ये संगीताचे ११ वर्ग होते: ब्लूज, क्लासिकल, कंट्री, डेटा, फोक, जाझ, न्यू एज, रेगे, रॉक, साउंडट्रॅक आणि यांपैकी कशातच न बसणाऱ्यांसाठी ‘मिसलेनियस’. एका वर्गात एक क्रमांक एकदाच वापरता येई. तो आधीच कोणी घेतलेला असेल, तर नवी नोंद दुसऱ्याच वर्गात टाकून मोकळे होणे एवढाच मार्ग उरे. साहजिकच वर्गाचा आणि संगीताचा संबंध सुटत गेला. नाट्यसंगीत, अभंग, लावणी, भावगीत यांना या अकरा दालनांत मुळातच जागा नव्हती. शीर्षकासाठी कप्पे दोनच, कलाकार आणि संग्रहाचे नाव. राग, ताल, बंदिश, तबल्याच्या व संवादिनीच्या साथीचे कलाकार, मुद्रणाचे वर्ष या साऱ्यांना नोंद करणाराच जमेल तेथे कोंबणार. सुरुवातीच्या काळात देवनागरी लिपीचीही सोय नव्हती. रोमन लिपीत ‘आमोणकर’मधला पहिला स्वर एकेरी लिहायचा की दुहेरी, ‘पंडित’ ही उपाधी नावात धरायची की नाही, रागाचे नाव आधी की बंदिशीचे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. एकाच गायिकेच्या सीडी संगणकावर चार निरनिराळ्या नावांखाली विखुरलेल्या दिसतात त्याचे कारण हेच.

सोनीने १९९६ मध्ये ‘सीडी-टेक्स्ट’ ही जोड पुढे आणली होती. तिच्यामुळे नावे थेट तबकडीवरच नोंदविणे शक्य झाले. परंतु तोवर सीडीचे युग निम्मे सरले होते. ती सर्रास वापरात कधीच आली नाही आणि इंटरनेटवरील सूचीचेच महत्त्व वाढत गेले.

महत्त्व वाढले की मालकीचा प्रश्न येतोच. १९९८ मध्ये सीडीडीबी ‘एशियन्ट’ या अमेरिकी कंपनीला विकली गेली आणि २००० मध्ये तिचे ‘ग्रेसनोट’ असे नामकरण झाले. मार्च २००१ मध्ये परवाना न घेतलेल्या सर्व सॉफ्टवेअरसाठी तिची दारे बंद करण्यात आली. ज्यांनी रात्री जागून आपापल्या संग्रहातील सीडींची नावे फुकट टंकित केली होती, त्यांनाच आता परवान्याची अट सांगितली जाऊ लागली. कायद्याच्या भाषेत कंपनीची बाजू काहीही असो, ही माहिती जनांनी जमविलेली होती आणि तिच्यावर कुंपण पडले होते, हे नाकारता येत नाही. जुन्या सूचीचा जेवढा भाग मुक्त परवान्याखाली उपलब्ध होता, तो घेऊन ‘फ्रीडीबी’ ही पर्यायी सेवा उभी राहिली. ग्रेसनोटचे व्यापारी मूल्य मात्र वाढतच होते. २००८ मध्ये सोनीने ती २६ कोटी डॉलरना विकत घेतली. पुढे ती ‘ट्रिब्यून’कडे आणि २०१६ च्या अखेरीस ठरलेल्या ५६ कोटी डॉलरच्या व्यवहाराने ‘नील्सन’कडे गेली. फ्रीडीबी २००६ मध्ये ‘मॅजिक्स’ या जर्मन कंपनीकडे गेली आणि २०२० मध्ये बंद झाली.

अनुक्रमणिकेवरून ओळख पटविण्याच्या या पद्धतीची खरी ताकद जगाला दिसली ती एका अनपेक्षित प्रकरणातून. जॉयस हॅटो ही ब्रिटिश पियानोवादक १९७० च्या दशकातच रंगमंचावरून निवृत्त झाली होती. तिचे पती विल्यम बॅरिंग्टन-कूप यांची ‘कॉन्सर्ट आर्टिस्ट’ ही छोटी ध्वनिमुद्रण संस्था होती. या संस्थेने हॅटोच्या नावावर शंभराहून अधिक सीडी काढल्या. पियानोच्या साहित्यातील अवघडातल्या अवघड रचना कर्करोगाशी झुंजणाऱ्या वृद्ध वादिकेने इतक्या सफाईने वाजवाव्यात, याचे समीक्षकांना अप्रूप वाटले आणि स्तुतीचा वर्षाव झाला. २००६ च्या जूनअखेरीस, वयाच्या ७७ व्या वर्षी तिचे निधन झाले.

फेब्रुवारी २००७ मध्ये अमेरिकेतील एका श्रोत्याने फ्रान्झ लिस्ट या संगीतकाराच्या बारा ‘ट्रान्सेन्डेन्टल’ एट्यूडची हॅटोच्या नावाची सीडी संगणकात घातली. ‘आयट्यून्स’ने ग्रेसनोटला विचारून नाव दाखविले, ते हॅटोचे नव्हते. ते होते लास्लो सिमोन या पियानोवादकाचे. सिमोनने याच रचना स्वीडनच्या ‘बीआयएस’ या कंपनीसाठी पूर्वी वाजविल्या होत्या. श्रोत्याने ‘ग्रामोफोन’ या ब्रिटिश मासिकाचे समीक्षक जेड डिस्लर यांना कळविले. त्यांनी दोन्ही सीडी ऐकून ताडून पाहिल्या, तेव्हा बारापैकी दहा रचनांत विलक्षण साम्य आढळले. मग ध्वनितज्ज्ञ अँड्र्यू रोझ यांनी ध्वनिलहरींचे आलेख एकमेकांवर ठेवून पाहिले आणि शंकेला जागा उरली नाही. राखमानिनोव्हच्या कॉन्चेर्टोंचे हॅटोच्या नावावरील मुद्रण येफिम ब्रॉन्फमन यांचे निघाले. याच सुमारास लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातील निकोलस कुक आणि क्रेग सॅप हे संशोधक निराळ्याच कामासाठी शोपाँच्या ‘माझुर्का’ रचनांतील ठोक्यांमधील अंतरे मोजत होते. हॅटो आणि युजीन इंजिक यांची मोजमापे हुबेहूब जुळत असल्याचे त्यांना स्वतंत्रपणे आढळले होते. त्याच महिन्यात बॅरिंग्टन-कूप यांनी बीआयएसचे प्रमुख रॉबर्ट फॉन बार यांना पत्र लिहून कबुली दिली.

वर्षानुवर्षे जाणकारांच्या कानांना जे कळले नाही, ते ट्रॅकच्या लांबीच्या एका यादीने उघड केले, असे या प्रकरणाबद्दल म्हटले जाते. ते खरे आहे, पण अर्धेच. संगणकाने एकही सूर ऐकला नव्हता. त्याने केवळ लांबी जुळविली. ती जुळली म्हणून शंका आली आणि शंकेचे निरसन अखेर कानांनी आणि आलेखांनीच केले. हॅटोच्या नावावरील काही मुद्रणांत मूळ वादनाची गती संगणकाने बदललेली होती. कार्लो ग्रान्ते यांनी वाजविलेल्या गोडोव्स्कीच्या रचनांत हा फेरफार सुमारे १५ टक्क्यांचा होता. अशा सीडीपुढे अनुक्रमणिकेची पद्धत निष्प्रभ ठरते. लिस्टच्या सीडीतही हीच खबरदारी घेतली गेली असती, तर हे बिंग तेव्हा तरी फुटले नसते.

घरगुती वापरातही ही मर्यादा ध्यानात ठेवण्याजोगी आहे. मूळ सीडीची जशीच्या तशी प्रत काढली, तर अनुक्रमणिकाही तशीच उतरते आणि प्रतीला मूळ नावाने ओळखले जाते. पण प्रत काढताना सॉफ्टवेअरने दोन ट्रॅकच्या मध्ये दोन सेकंदांची शांतता घातली, तर पुढच्या सर्व ट्रॅकची सुरुवात सरकते आणि ओळख बिघडते. निरनिराळ्या संग्रहांतून आवडती गाणी निवडून बनविलेली सीडी तर संगणकाला सर्वस्वी अपरिचितच असणार. तेथे दुसरे तंत्र लागते. त्यात प्रत्यक्ष ध्वनीतील कंप्रतांचा आलेख काढून त्याचा ठसा जुळविला जातो. २००२ मध्ये ब्रिटनमध्ये दूरध्वनीवर सुरू झालेली ‘शाझाम’ ही सेवा आणि लुकाश लालिन्स्की यांनी विकसित केलेले ‘अ‍ॅकोस्टआयडी’ या प्रकारातील होत. अर्थात तेही विशिष्ट मुद्रणच ओळखतात. तोच यमन, तीच बंदिश दुसऱ्या गायकाने किंवा त्याच गायकाने दुसऱ्या मैफलीत गायिली, तर ठसा निराळा.

सीडीडीबीच्या उणिवा ओळखून रॉबर्ट के यांनी ‘म्युझिकब्रेन्झ’ हा माहितीसाठा उभारला. २००४ पासून तो ‘मेटाब्रेन्झ फाउंडेशन’ या ना-नफा संस्थेच्या मालकीचा आहे आणि त्यातील मूळ माहिती सर्वांसाठी मुक्त आहे. सीडीचा क्रमांक काढण्याची त्याची रीतही अधिक काटेकोर. अंकांची बेरीज न करता प्रत्येक ट्रॅकच्या सुरुवातीची फ्रेम आणि शेवटची सीमा यांवर गणिती प्रक्रिया करून २८ अक्षरी खूण तयार होते. वरील उदाहरणातील ८१ सेकंदांचा घोळ तेथे होत नाही. दुसरा मोठा फरक रचनेचा आहे. कलाकार, रचना, मुद्रण आणि प्रकाशित सीडी यांच्या नोंदी वेगवेगळ्या ठेवून परस्परांशी जोडलेल्या असतात. त्यामुळे गायिकेचे नाव एकदाच, देवनागरीतही, नोंदविता येते आणि तबल्याच्या साथीदाराला स्वतंत्र स्थान मिळते.

बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठात झाविएर सेरा यांच्या नेतृत्वाखाली २०११ मध्ये ‘कॉम्पम्युझिक’ हा प्रकल्प सुरू झाला. पाश्चात्त्येतर संगीत-परंपरांचा संगणकीय अभ्यास हा त्याचा विषय. त्यात मुंबईच्या आयआयटीतील संशोधकही सहभागी होते. या प्रकल्पाने हिंदुस्थानी आणि कर्नाटक संगीताच्या सीडींची माहिती म्युझिकब्रेन्झमध्येच नोंदविली. आता तेथे हिंदुस्थानी रचनेसाठी राग आणि ताल हे स्वतंत्र कप्पे उपलब्ध आहेत. ते भरण्याची पद्धत मात्र १९९३ चीच आहे: सीडी यंत्रात घालायची, अनुक्रमणिका वाचू द्यायची आणि वेष्टनावरचा मजकूर पाहून नावे टंकित करायची. सीडी ड्राइव्ह असलेले संगणक दुर्मिळ होत चालले आहेत आणि छोट्या प्रकाशकांनी काढलेल्या कित्येक मराठी सीडींची वेष्टनेही गहाळ होत आहेत. ज्या सीडीची नोंद अद्याप झालेली नाही आणि जिचे वेष्टनही उरलेले नाही, तिच्या अनुक्रमणिकेतून संगणकाला ट्रॅक किती आणि प्रत्येक किती लांबीचा, एवढेच कळेल.